चौदावी पायरी

गुलाबाची जुडी वीस फुलांची. देठ सारखे करायचे, खालची पानं आणि काटे उतरवायचे, सुतळीचे दोन वेढे द्यायचे आणि वर्तमानपत्राचा अर्धा कागद तिरका धरून कळ्यांभोवती गुंडाळायचा. कागद नसला तर कळी वाटेतच उमलते, आणि उमललेल्या फुलाला दादरच्या बाजारात कोणी विचारत नाही. म्हणून आमच्या गावात, नाशिकहून दिंडोरीकडे जाताना सोळा किलोमीटरवर, शाळेत नव्हती इतकी वर्तमानपत्रं कोंडाजीनानांच्या शेडमध्ये होती. सगळी जुनी, रद्दीची. ती नाशिकहून टेम्पोत घालून मीच आणायचो.

त्या शेडमध्ये कागद फाडायचं काम कुसाबाईकडे होतं.

हे ब्याण्णव-त्र्याण्णव सालचं सांगतो आहे. तेव्हा तिचं वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. अंगाने वाळलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डाव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं. कागद दुमडायची, घडीवरून नख ओढायची आणि दोन्ही हातांनी असा अलगद वेगळा करायची की कडेला तूस दिसायचं नाही. तिच्याभोवती पंधरा-सोळा बायका गोल बसून जुड्या बांधायच्या. दुपारी बारा ते पाच. पाचला माझा टेम्पो निघायचा.

गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा सगळ्याच बायका पाटी घेऊन गेल्या होत्या. बहुतेक जणी सही करायला शिकल्या आणि थांबल्या. कुसाबाई थांबली नाही, कारण तिच्या हातात दिवसभर अक्षरंच होती. आधी मोठे मथळे वाचायची, मग जाहिराती, मग शोकसभा. वर्षभरात ती बारीक टाइप वाचू लागली. फाडता फाडता वाचायची, ओठ हलवत. नाना एकदा म्हणाले की कुसाबाई, फुलं वाट पाहू राहिली. त्यावर तिने मान वर न करता उत्तर दिलं की फुलांना वाचता येत नाही म्हणून त्यांना घाई.

एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत त्या काळी एक कादंबरी क्रमशः येत होती. वत्सला नावाच्या मुंबईच्या शिक्षिकेची गोष्ट. तिचा नवरा घर सोडून निघून गेलेला. कोकणातल्या एका दीपगृहावर त्याच्यासारखा माणूस पाहिल्याचं कोणीतरी सांगतं आणि ती त्याला शोधायला निघते. कुसाबाईला पहिल्यांदा सापडला तो तिसरा भाग. मग सातवा. मग पहिला. रद्दीला क्रम नसतो. कोणाच्या घरून कुठला आठवडा येईल ते रद्दीवाल्यालाही ठाऊक नसतं. ती तो कागद फाडायची नाही, घडी करून कंबरेला खोचायची. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांना सांगायची.

तिचं सांगणं मी ऐकलेलं आहे. आवाज मोठा नव्हता. सांगताना हात चालूच असायचे, नख घडीवरून सरकायचं आणि त्या सर्र आवाजाच्या मागोमाग एक वाक्य यायचं. मग पुढचा कागद, पुढचं वाक्य. समुद्र तिने पाहिलेला नव्हता, म्हणून तिच्या गोष्टीतला समुद्र गंगापूर धरणासारखा होता. त्याला भिंत होती आणि पलीकडचा काठ दिसायचा. दीपगृहही तिने पाहिलेलं नव्हतं. पुरवणीतलं चित्र शाई फुटून काळं झालेलं. तिने आपल्या गावच्या खंडोबासमोरची दीपमाळ घेतली आणि समुद्राकाठी नेऊन उभी केली. आमच्या दीपमाळेला बाहेरून दगडी पायऱ्या काढलेल्या आहेत. पौर्णिमेला गुरव तेलाचं भांडं घेऊन त्या पायऱ्यांनी वर चढतो. कुसाबाईच्या गोष्टीत वत्सलाचा नवरा रोज तसा चढायचा, कोनाड्याकोनाड्यात तेल घालायचा आणि होड्यांना वाट दाखवायचा.

मला हे सगळं सहन व्हायचं नाही.

का ते सांगायला हवं. मी दहावी नापास. पण नाशिकच्या एका जुन्या वाचनालयाचा सभासद होतो, आणि आमच्या गावातला मी एकटाच. नाशिकला फुलं दादरच्या ट्रकवर चढवली की टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लावायचो, हात धुवायचो आणि आत शिरायचो. तिथला वास मला अजून आठवतो, जुन्या कागदाचा आणि डिंकाचा. वीस-बावीसच्या वयात मी तिथल्या दोन कपाटांतली पुस्तकं वाचून काढली होती. कोणी सांगितलं नव्हतं, शिकवलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता आणि खोटं कशाला बोलू, आजही आहे. गावात खरी गोष्ट जाणणारा कोणी असेल तर तो मी, असं मी मनाशी धरून चाललो होतो. आणि बायका मात्र ऐकायच्या त्या बाईचं, जिला दीपगृह आणि दीपमाळ यातला फरक कळत नव्हता.

एकदा कुसाबाई तापाने पडली तेव्हा मी संधी साधली. टेम्पो भरायला अवकाश होता. पेटीवर बसून मी त्यांना एक अख्खी कादंबरी सांगितली, तीनशे पानांची, पाऊण तासात. बायका जुड्या बांधत राहिल्या. संपल्यावर चांगुणा, जिच्या तोंडाला शेडमधलं कोणीच लागत नसे, म्हणाली, "दीपक, टेम्पो चालवतो तशीच गोष्ट चालवू राहिला तू. आम्हाला काय दादरला उतरायचं नाय."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण ते हसणं मी घरी घेऊन गेलो आणि बरीच वर्षं जपून ठेवलं.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात कुसाबाईची गोष्ट शेवटाकडे आली. वत्सला दीपमाळेच्या पायथ्याशी पोहोचली होती. वर, अगदी टोकाच्या कोनाड्याशी, पाठमोरा माणूस तेल घालत होता. तिने हाक मारली. त्याने वळून पाहिलं. आणि तो उतरायला लागला.

इथे कुसाबाईने एक वेगळंच केलं. त्याला रोज एकच पायरी उतरवलं. एका दुपारी एक पायरी. पहिल्या पायरीवर त्याला आठवलं की वत्सलाने लग्नात कोणतं लुगडं नेसलं होतं. दुसऱ्या पायरीवर त्याच्या हातातलं तेल सांडलं आणि त्याने ते आपल्या डोक्याला पुसलं. तिसऱ्या पायरीवर त्याला वाटलं, परत वर जावं. त्या दिवशी बायकांनी जुड्या बांधणं थांबवलं होतं. विठाबाई नावाची सगळ्यांत म्हातारी बाई होती, ती घरी जाताना रोज दुसऱ्या दिवशीच्या पायरीचा अंदाज बांधायची. वाटेत भेटलेल्या बाया एकमेकींना विचारायच्या, आला का खाली? आणि उत्तर यायचं, नाय अजून.

मला ठाऊक होतं की तिच्याकडे शेवटचे भाग नाहीत. रद्दी मीच आणत होतो. दोन महिन्यांत त्या पुरवणीचा एकही कागद आलेला नव्हता. तरी ती बायकांना सांगायची की सगळे कागद घरी पेटीत आहेत, क्रमाने लावलेले.

आणि मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. ती गावात सगळ्यांनाच ठाऊक होती. कुसाबाईचा नवरा, बुधा, बारा वर्षांपूर्वी द्राक्षांच्या ट्रकवर क्लीनर म्हणून कलकत्त्याला गेला होता. ट्रक परत आला, तो आला नाही. ड्रायव्हरने सांगितलं की माल उतरवून तो चहा प्यायला म्हणून गेला. कोणी म्हणायचं तिकडे दुसरं घर केलं, कोणी म्हणायचं मेला. कुसाबाई कुंकू लावत राहिली. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर आज मला ही गोष्ट लिहावी लागली नसती.

त्याच दिवसांत वाचनालयात नव्या पुस्तकांच्या मांडणीवर मला ती कादंबरी दिसली. पुरवणीतली गोष्ट आता पुस्तक होऊन आली होती, निळ्या कव्हराची. मी तिथेच उभ्याने शेवटचं प्रकरण वाचलं. मग पुस्तक माझ्या नावावर घेतलं. टेम्पोत शेजारच्या सीटवर ते ठेवलं होतं आणि वाटेत मी त्याच्याकडे चारदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेलो. कुसाबाईने नुकतीच त्या दिवसाची पायरी सांगून संपवली होती. मी म्हणालो की मावशी, त्या गोष्टीचं पुस्तकच आलंय, शेवट वाचून दाखवतो. हसत म्हणालो, जसं काही भेट आणली आहे. चांगुणा म्हणाली की राहू दे रे, आमचं बरं चाललंय. कुसाबाईच्या हातातला कागद अर्धा फाटलेला तसाच राहिला.

मी वाचलं. पुस्तकात वत्सला दीपगृहापाशी पोहोचते तेव्हा खाली एका घराच्या अंगणात एक बाई कपडे वाळत घालत असते आणि दोन मुलं खेळत असतात. तिचा नवरा घरातून बाहेर येतो, लहान मुलाला खांद्यावर घेतो. वत्सला माडाच्या आडून पाहते. हाक मारत नाही. आल्या होडीने परत जाते. एवढंच. लेखकाने ते फार चांगलं लिहिलं होतं आणि मी ते फार चांगलं वाचलं. थांबत, आवाज चढवत-उतरवत. वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं आणि समजावून सांगितलं की दीपगृह म्हणजे दीपमाळ नव्हे, त्याला आतून जिना असतो आणि दिवा विजेचा असतो.

शेडमध्ये फक्त कात्रीचा आवाज होता, कोणीतरी देठ कापत होतं.

कुसाबाईने हातातला कागद पुरता फाडला, नखाने नीट कड काढली आणि गठ्ठ्यावर ठेवला. मग म्हणाली, "पाच वाजू राहिले. टेम्पो भर."

दुसऱ्या दिवसापासून तिने गोष्ट सांगितली नाही. ना ती, ना दुसरी. कोणी आग्रहही केला नाही. ती वाचतही नव्हती. तिचं नख बातम्यांवरून, चित्रांवरून, गोष्टींवरून सरळ जायचं.

आठवड्याने टेम्पो भरताना विठाबाईने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, ती कौतुक करणार. तिने विचारलं की तुला काय वाटलं, आम्हाला ठाऊक नव्हतं? मी म्हणालो की ती खोटं सांगत होती, पेटीत कागद नव्हते. म्हातारी म्हणाली, "कागद ती आमच्यासमोरच फाडायची ना रे. कोणता आला, कोणता नाय आला, दिसत नव्हतं व्हय आम्हाला? आम्ही काय कागद ऐकायला बसत व्हतो?"

मी काहीतरी उत्तर दिलं. पुस्तकात जे आहे ते आहे, असं काहीतरी.

शेड मुकी झाली तसा बायकांचा हात मंदावला. नानांनी त्यावर उपाय म्हणून एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणून पेट्यांवर ठेवला. दुपारी मालिका लागायच्या. सुरुवातीला सगळ्या खूश होत्या. पण गोष्ट कानाने ऐकायची असते तेव्हा डोळे फुलांवर राहतात. टीव्ही आल्यावर डोळे तिकडे गेले. बोटांत काटे घुसायला लागले. एका जुडीत एकोणीस फुलं, दुसरीत बावीस. कागद सैल, कळ्या उमललेल्या. दादरहून तक्रार आली आणि तीन महिन्यांत नानांनी टीव्ही उचलून घरी नेला. चांगुणाने जाता-येता मला ऐकवलं की आता तूच काहीतरी चालव बाबा, टेम्पो तर चालवतोच.

मी खरंच चालवलं. त्या शेडमध्ये नाही, तिथे माझी हिंमत झाली नाही. पण पुढे एका शाळेत पोरांना गोष्ट सांगितली, मग दुसऱ्या शाळेत. गणपतीत, वाचनालयांच्या कार्यक्रमांत. टेम्पो सुटला, गोष्टी राहिल्या. लोक म्हणतात, मी सावकाश सांगतो. एक माणूस दारापासून विहिरीपर्यंत जायला मला अर्धा तास लागतो आणि तोवर कोणी उठत नाही. हे मी कुठून उचललं ते मला पक्कं ठाऊक होतं.

दोन हजार सात साली नाशिकला एका सभागृहात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. गुच्छात गुलाब होते, आमच्याच बाजूचे असावेत. एका बाईंनी विचारलं की ही सांगण्याची हातोटी तुम्ही कोणाकडून शिकलात. समोर दीडशे माणसं होती. मी म्हणालो, "पुस्तकांकडून." टाळ्या पडल्या. मी खाली बसलो आणि मला माझ्या अंगावरची शाल जड झाली.

दुसऱ्या दिवशी मी कुसाबाईच्या घरी गेलो. बारा वर्षांत प्रथमच. ती साठीच्या पुढची, डोळ्यांत फूल पडायला लागलेलं, कुंकू मात्र तेवढंच. सून शुभांगी भाजी घेऊन बाजारात गेली होती. घरात रंगीत टीव्ही होता आणि लोडशेडिंगमुळे तो बंद होता. कुसाबाई त्या बंद टीव्हीकडे तोंड करूनच बसली होती. मला ओळखलं. बस म्हणाली. मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते सोडून बाकीचंच बोललो. द्राक्षांचं विचारलं, डोळ्यांचं विचारलं. तिने सांगितलं की मालिका बघते, पण चेहरे पुसट दिसतात, आवाजावरून ओळखते कोण कोणाला रडवू राहिलं ते.

मग तीच म्हणाली, "त्या बाईचं पुढं काय झालं रे? तुह्या पुस्तकात."

मला वाटलं, ती विसरली. म्हातारपणी माणूस विसरतो. आणि मला वाटलं की देवाने हा एक दरवाजा उघडून दिला आहे. मी खाली मान घालून म्हणालो, "आला ना मावशी तो खाली. उतरला. भेटली दोघं."

तिने टीव्हीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"मग तवा वाचलं ते काय व्हतं? ती कपडे वाळत घालणारी?"

चाळिशीला आलेला माणूस, दीडशे लोकांनी टाळ्या वाजवलेला, त्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर शाळेतल्या पोरासारखा बसून होतो. मी म्हणालो की मावशी, माझं चुकलं. तेव्हाही चुकलं.

ती म्हणाली, "आताबी चुकलंच. उतरला, भेटली. आसं असतंय का?" आवाजात राग नव्हता. कागदाची कड वाकडी फाटली तर ती ज्या आवाजात बोलायची, तोच आवाज होता. "कुढल्या पायरीवर व्हता तो, आपण थांबलो तवा?"

मला आठवेना. लोकांची शेकडो पानं मला पाठ होती. ज्या दुपारी मी ती गोष्ट मोडली त्या दुपारची पायरी मी ऐकलीच नव्हती. दाराबाहेर पुस्तक काखेत धरून उभा होतो आणि मनात माझं वाचन जुळवत होतो.

"चौदाव्या," ती म्हणाली. "तिथंच हाय तो."

मी विचारलं, पुढे सांगाल का. तिने मान हलवली, नाही म्हणून. शेडमधल्या निम्म्या बाया आता नाहीत, विठाबाई तर केव्हाच गेली, एकट्या दीपकला सांगून काय करू, असं म्हणाली. तेवढ्यात लाईट आली. टीव्ही आपोआप सुरू झाला, कोणीतरी मोठमोठ्याने बोलू लागलं. कुसाबाईने डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं आणि मी उठलो.

परतताना खंडोबाच्या देवळापाशी थांबलो. दुपारची वेळ, आवारात कोणी नव्हतं. लहानपणापासून पाहिलेली दीपमाळ, पण तिच्या पायऱ्या मी कधी मोजलेल्या नव्हत्या. खालून वर मोजल्या, मग वरून खाली. एकोणीस होत्या.

पाच राहिल्या होत्या. पाच दुपारी. आणि तेव्हा वाचनालयाचं ते निळं पुस्तक परत करायची मुदत पंधरा दिवसांची होती.